बंगाली सिनेमा कुठून सुरू करावा: क्रम, प्रत, सबटायटल आणि नेहमीच्या चुका

बंगाली सिनेमा पाहायला घेणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. कुठल्याही यादीत पहिलं नाव 'पथेर पांचाली'चं असतं. यूट्यूबवर शोधल्यावर जी प्रत सगळ्यात वर येते ती लावली जाते. चित्र धूसर असतं, आवाज खरखरतो, सबटायटल दोन सेकंद मागे पळत असतं. अर्ध्या तासात मोबाइल हातात येतो आणि 'आपल्याला नाही झेपत बुवा' असा निकाल लागतो. यात दोष सिनेमाचाही नसतो आणि पाहणाऱ्याच्या रुचीचाही नसतो. चुकलेली असते ती तयारी आणि क्रम. म्हणून या लेखात आधी तयारीचे चार टप्पे दिले आहेत आणि मग पाहण्याचे सहा. तयारीला तासभर पुरतो, पण तो वगळू नका.

## १. नेमका कोणता चित्रपट ते पक्कं करा

बंगालीत जुन्या गाजलेल्या चित्रपटाचं नाव नव्याला देण्याची हौस मोठी आहे. त्यामुळे नुसत्या नावाने शोधलंत तर भलताच चित्रपट हाती लागतो. नाव, वर्ष आणि दिग्दर्शक ही तिन्ही लिहूनच शोधा. सर्वात जास्त घोळ होणाऱ्या जोड्या अशा:

- 'अपराजितो': १९५६ चा सत्यजित राय यांचा, अपू या मुलावरच्या तीन चित्रपटांतला (अपू चित्रत्रयी) दुसरा. २०२२ चा अनिक दत्त यांचा, 'पथेर पांचाली' कसा घडला त्यावरचा.
- 'मेघे ढाका तारा': १९६० चा ऋत्विक घटक यांचा. २०१३ चा कमलेश्वर मुखर्जी यांचा, घटकांच्याच आयुष्यावर बेतलेला.
- 'बाइशे श्रावण': १९६० चा मृणाल सेन यांचा, गावातल्या एका जोडप्याचा आणि दुष्काळाचा. २०११ चा सृजित मुखर्जी यांचा, खूनसत्राचा थरारपट.
- 'पदातिक': १९७३ चा मृणाल सेन यांचा. २०२४ चा सृजित मुखर्जी यांचा, मृणाल सेन यांच्यावरचा.
- 'महानगर': १९६३ चा राय यांचा. याच नावाची, रोमन अक्षरांत 'मोहानगर' अशी लिहिली जाणारी २०२१ ची बांगलादेशी वेबमालिका पोलीस ठाण्यात घडते.
- 'उत्सव': २००० चा ऋतुपर्ण घोष यांचा. मराठी प्रेक्षकाला या नावाने आधी गिरीश कार्नाडांचा १९८४ चा हिंदी चित्रपट सापडतो.

रोमन अक्षरांत शोधताना बंगाली उच्चार धरा: 'व' च्या जागी 'बी' आणि 'अ' च्या जागी पुष्कळदा 'ओ'. 'उत्सव' चं स्पेलिंग 'उत्सब' असं करून पाहा, लगेच सापडेल.

तपासणी: श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव दिसेपर्यंत थांबा. चुकीचा चित्रपट अर्धा पाहून झाल्यावर ते कळण्यात काही मजा नाही.

## २. प्रत तपासा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि नुकसानही इथेच सगळ्यात जास्त होतं.

लांबी. चालू करण्याआधी अधिकृत लांबी आणि फाइलची लांबी ताडून पाहा. 'पथेर पांचाली' सुमारे १२५ मिनिटांचा आहे. तुमची प्रत १२० मिनिटांची निघाली तर लगेच कापलेली समजू नका. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने उतरवला की बरोबर तेवढाच कमी होतो आणि आवाज किंचित चढा लागतो. १०५ किंवा ११० मिनिटं दिसली, तर मात्र ती प्रत सोडून द्या.

'तीन कन्या' (१९६१) चं प्रकरण वेगळंच आहे. त्यात 'पोस्टमास्टर', 'मणिहारा' आणि 'समाप्ती' अशा तीन कथा आहेत. परदेशात त्यातली 'मणिहारा' वगळून दोनच कथांची आवृत्ती दाखवली गेली आणि ती प्रत अजून फिरते. तुमच्या प्रतीत भुताची गोष्ट नसेल, तर तुम्ही दोन तृतीयांश चित्रपट पाहिलात.

चौकट. राय, घटक, सेन यांचे जुने कृष्णधवल चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत, १.३७ : १ या प्रमाणात आहेत. रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसणारच, आणि दिसायलाच हवेत. टीव्ही 'झूम'वर असेल तर डोकी कापली जातात, 'वाइड'वर असेल तर माणसं जाडी होतात. पिक्चर साइझमध्ये जाऊन '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर १९५५ चा चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसतो.

तपासणी: चाक, ताट किंवा घड्याळ असं काहीही गोल दिसलं की चित्र थांबवा. ते अंडाकृती असेल तर सेटिंग चुकलंय.

उलटी प्रत. हक्कांची तपासणी चुकवण्यासाठी काही जण चित्र आरशासारखं उलटं करून टाकतात. दुकानांवरच्या पाट्या पाहा. बंगाली अक्षरांची शिरोरेषा आपल्यासारखीच असते, त्यामुळे बंगाली वाचता येत नसली तरी अक्षरं उलटी आहेत हे ओळखता येतं.

दुरुस्त केलेली प्रत. अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हचं १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत मोठं नुकसान झालं. त्यातून वाचलेल्या भागांवर आणि इतर प्रतींवर काम करून केलेली ४के आवृत्ती २०१५ मध्ये आली. तीच मिळवा. आधीच्या आणि या प्रतीतला फरक दहा मिनिटांत डोळ्यांना कळतो. 'प्रतिद्वंद्वी' ची दुरुस्ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने केली आणि २०२२ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. 'अरण्येर दिन रात्री' ची नवी ४के प्रत २०२५ मध्ये तिथेच दाखवली गेली. त्या कामात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचा वाटा होता. पुण्या-मुंबईत राहत असाल तर संग्रहालयाच्या किंवा प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांच्या खेळांवर लक्ष ठेवा. अशी प्रत पडद्यावर पाहायला मिळाली तर घरचा बेत खुशाल पुढे ढकला.

दोष नाहीत, अशा गोष्टी. पुढची ठिकाणं पाहून प्रत खराब आहे असं समजू नका. 'प्रतिद्वंद्वी' त काही दृश्यं निगेटिव्हमध्येच दिसतात. 'गूपी गाइन बाघा बाइन' (१९६९) कृष्णधवल आहे आणि अगदी शेवटी रंगीत होतो. 'चारुलता' च्या अखेरीस चित्र थिजतं. तिथे इंटरनेट अडकलेलं नसतं. 'मेघे ढाका तारा' त अचानक चाबकाचा फटकारा ऐकू येतो, तो घटकांनी मुद्दाम घातला आहे.

## ३. सबटायटल जुळवा

मराठी सबटायटल क्वचितच मिळतात, इंग्रजीवर भागवावं लागतं. वेगळी फाइल वापरत असाल तर ती तुमच्याच प्रतीसाठी बनवलेली आहे का ते आधी पाहा.

पहिल्या पाच मिनिटांत एक संवाद निवडा आणि मागे-पुढे होतंय का तपासा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकतं. मग थेट शेवटच्या दहा मिनिटांत जा आणि पुन्हा तपासा, फक्त डोळे अर्धवट मिटून, म्हणजे शेवट फुटणार नाही. सुरुवातीला जुळतं आणि शेवटी सुटतं असं असेल तर ती २४ आणि २५ चौकटींचीच भानगड आहे. सरकवून ती सुटणार नाही, दुसरी फाइल शोधा.

गाण्यांना सबटायटल आहे का, हेही पाहून ठेवा. घटक आणि ऋतुपर्ण यांच्या चित्रपटांत रवींद्रसंगीत कथेचं अर्ध काम करतं. ओळी वगळलेल्या असतील तर गाण्याच्या पहिल्या चार शब्दांवरून अर्थ आधीच शोधून ठेवा.

सावधान: हिंदी डबिंग असलेली प्रत समोर आली तरी मोह टाळा. सौमित्र चटर्जींचा आवाज काढून घेतल्यावर 'अपूर संसार' मध्ये उरतं काय?

## ४. कान तयार करा

पंधरा मिनिटांचं काम आहे. नात्याचे शब्द कागदावर लिहून जवळ ठेवा: बौदी म्हणजे वहिनी, ठाकुरपो म्हणजे धाकटा दीर, जेठू म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ, पिशी म्हणजे आत्या, माशी म्हणजे मावशी. सबटायटलमध्ये यांच्या जागी नुसती नावं येतात आणि कोण कोणाचं हेच कळत नाही. 'चारुलता' त ठाकुरपो हा शब्द पकडला नाही तर सगळा ताणच हरवतो.

संबोधनं तीन: आपनि, तुमि, तुई. मराठी कान 'तुमि' ऐकून 'तुम्ही' समजतो, तसं ते नाही. 'तुमि' बरोबरीचं आणि जवळिकीचं आहे. आपल्या 'तुम्ही' चं काम 'आपनि' करतं. दोन पात्रं 'आपनि' वरून 'तुमि' वर आली की काहीतरी घडलं असं समजा. इंग्रजी सबटायटल हे कधीच सांगणार नाही.

चार सालं लक्षात ठेवा, इतिहासाचं पुस्तक काढण्याची गरज नाही. १९०५ ची बंगालची फाळणी आणि स्वदेशी, १९४३ चा दुष्काळ, १९४७ ची फाळणी, १९६७ चं नक्षलबाडी.

## ५. पहिला टप्पा: कथा पुढे ओढणारे तीन

'नायक' (१९६६) ने सुरुवात करा. एक सिनेस्टार कोलकात्याहून दिल्लीला रेल्वेने निघालाय आणि एक पत्रकार त्याला प्रश्न विचारतेय, इतकंच. सात फ्लॅशबॅक आणि दोन स्वप्नं आहेत, तरी कुठे गोंधळ होत नाही. उत्तमकुमार बंगालचा एवढा लाडका का होता, तेही इथेच कळतं.

दुसरा 'सोनार केल्ला' (१९७४). फेलूदा या गुप्तहेराचा हा रहस्यपट राजस्थानात, जैसलमेरच्या किल्ल्यापर्यंत नेतो. इथली नेहमीची चूक म्हणजे 'गुन्हेगार कोण' याची वाट पाहत बसणं. रायांनी ते लवकरच उघड केलंय. मजा पाठलागात आणि जटायू या रहस्यकथालेखकाच्या बडबडीत आहे. मुलांना सोबत घेऊन बसा.

तिसरा आपल्या ओळखीच्या कथेचा निवडा. तपन सिन्हा यांच्या 'गल्प होलेओ सत्यि' (१९६६) वरून 'बावर्ची' झाला, 'निशिपद्म' (१९७०) वरून 'अमर प्रेम', 'सात पाके बांधा' (१९६३) वरून 'कोरा कागज'. यातला एकच घ्या आणि त्याचा हिंदी चित्रपट पाहिल्यापासून आठवड्याभरात पाहा. कथा माहीत असल्यामुळे डोळे सबटायटलवरून उठून चेहऱ्यांकडे जातात. सवय लागायची ती हीच.

सावधान: हलकाफुलका म्हणून 'भूतेर भविष्यत' (२०१२) सुरुवातीला सुचवला जातो. इतक्यात पाहू नका. त्यातले निम्मे विनोद शब्दखेळांचे आहेत आणि उरलेल्यांतले बरेच जुन्या बंगाली सिनेमावरचे. या यादीच्या शेवटी तो दुप्पट मजा देतो.

## ६. दुसरा टप्पा: घर आणि नोकरी

'महानगर' (१९६३) आणि 'एक दिन प्रतिदिन' (१९७९) लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. पहिल्यात सून दारोदार विणकामाची यंत्रं विकायला बाहेर पडते. दुसऱ्यात घर चालवणारी मुलगी एका रात्री परतत नाही आणि चाळवजा वाड्यातले शेजारी दाराच्या फटीतून पाहत राहतात. डोंबिवली-गिरगावात वाढलेल्याला इथे वेगळी टीप लागणार नाही. पहिला राय यांचा, दुसरा सेन यांचा. दोघांच्या स्वभावातला फरक अशा जोडीने पाहिल्यावर जेवढा स्पष्ट होतो तेवढा दहा लेख वाचूनही होत नाही. ('महानगर' मधली नणंद नीट पाहा. जया भादुरींचा हा पहिला चित्रपट.)

त्यानंतर 'चारुलता' (१९६४). पहिली सात-आठ मिनिटं जवळपास निःशब्द आहेत. चारू या खिडकीतून त्या खिडकीत दुर्बीण घेऊन फिरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्या, कारण ती मिनिटं निसटली तर पुढे तिच्या एकटेपणाचं कारण शोधत बसावं लागतं.

तपासणी: 'चारुलता' नंतर सबटायटल न वाचता एखादं पूर्ण वाक्य कळल्याचं आठवतंय का? नसेल तर 'नायक' पुन्हा लावा, निदान अर्धा तास.

## ७. तिसरा टप्पा: अपू

आता 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६), 'अपूर संसार' (१९५९), याच क्रमाने.

तिन्ही एका दिवसात पाहू नका. तिन्हींत मृत्यू आहेत, आणि सलग पाहिलं की तिसऱ्यापर्यंत मन बधिर होतं. दोन चित्रपटांत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, पण दोन आठवड्यांहून जास्त नको, कारण मग पहिल्यातली रेल्वे तिसऱ्यात पुन्हा ऐकू आली तरी ओळखू येत नाही. अपू दरवेळी वेगळा नट आहे. 'अपूर संसार' मध्ये सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर दोघांचंही पदार्पण आहे.

'पथेर पांचाली' संथ वाटला तर गोष्ट पुढे कधी सरकणार याची वाट पाहणं सोडा. आधीच्या टप्प्यातले चित्रपट तुम्हाला कथेच्या मागे धावायला लावत होते, इथे दिवस जातो तसं पाहायचं आहे. मध्यंतर घ्यायचंच असेल तर इंदिर ठाकरूण या म्हातारीच्या मृत्यूनंतर घ्या, त्याआधी नको.

## ८. चौथा टप्पा: घटक

राय यांच्या पाठोपाठ लगेच घटक लावणं, ही जाणकारांकडूनही होणारी चूक आहे. रायांच्या संयमाला सरावलेल्या डोळ्यांना घटकांचा आक्रोश 'भडक' वाटतो. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या, आणि घटक ज्या जागेवर उभे होते तिथून पाहा: अतिनाट्य हे त्यांचं निवडलेलं साधन आहे, नाटकातून आणि लोककथेतून आलेलं.

सुरुवात 'अजांत्रिक' (१९५८) ने करा. एक टॅक्सीवाला आणि त्याची खटारा शेव्हरोले. मग फाळणीची तीन चित्रं: 'मेघे ढाका तारा' (१९६०), 'कोमल गांधार' (१९६१), 'सुवर्णरेखा' (पूर्ण १९६२, प्रदर्शित १९६५). यात 'कोमल गांधार' वगळण्याचा मोह होतो, कारण त्यात नाट्यसंस्थांची भांडणं फार आहेत. वगळू नका. पद्मा नदीच्या काठावर तुटलेल्या रेल्वेमार्गाचा प्रसंग त्यातच आहे.

आवाजासाठी हेडफोन वापरा. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर घटकांची ध्वनिरचना नुसती गोंगाट होते.

'तितास एकटि नदीर नाम' (१९७३) बांगलादेशात केलेला आहे. तो अडीच तासांहून मोठा आहे आणि त्याची कथा तुटक आहे. तो या टप्प्याच्या शेवटी पाहा. 'जुक्ति तक्को आर गप्पो' तर घटक आवडले तरच.

## ९. पाचवा टप्पा: दोन कोलकाता चित्रत्रयी

'कलकत्ता ट्रिलॉजी' म्हटलं की कोणाची, हे आधी विचारा. राय यांची आहे 'प्रतिद्वंद्वी' (१९७०), 'सीमाबद्ध' (१९७१), 'जन अरण्य' (१९७६). सेन यांची आहे 'इंटरव्ह्यू' (१९७१), 'कलकत्ता ७१' (१९७२), 'पदातिक' (१९७३). एकाची संपवून दुसऱ्याची सुरू करण्यापेक्षा गुंफून पाहा:

१) प्रतिद्वंद्वी
२) इंटरव्ह्यू
३) सीमाबद्ध
४) कलकत्ता ७१
५) पदातिक
६) जन अरण्य

पहिले दोन्ही नोकरीच्या मुलाखतीभोवती फिरतात. 'इंटरव्ह्यू' त नायक ट्राममध्ये थेट कॅमेऱ्याशी बोलू लागतो, तेव्हा दचकू नका. 'जन अरण्य' मुद्दाम शेवटी ठेवलाय. रायांचा इतका कडवट चित्रपट दुसरा नाही आणि त्यानंतर लगेच काही पाहावंसं वाटत नाही.

जोडीला दुष्काळाचे दोन: राय यांचा 'अशनि संकेत' (१९७३) आणि सेन यांचा 'अकालेर संधाने' (१९८०). पहिला रंगीत आणि डोळ्यांत भरेल इतका हिरवा आहे. रंग कमी करू नका, भोवती हिरवं असताना माणसं उपाशी मरतात हाच मुद्दा आहे. दुसऱ्यात १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट करायला एक चमू खेड्यात जातो आणि त्यात स्मिता पाटील अभिनेत्री स्मिता म्हणूनच आहेत. मराठी प्रेक्षकाने हा चुकवला तर पंचाईतच म्हणायची.

## १०. सहावा टप्पा: १९८० पासून आजपर्यंत

इथे क्रम सैल चालतो. 'खारिज' (१९८२) आधी पाहा: घरकामाला ठेवलेला पोरगा थंडीच्या रात्री स्वयंपाकघरात मरतो आणि मध्यमवर्गीय घर स्वतःला वाचवायला बघतं. मग अपर्णा सेन यांचा 'परमा' (१९८५), आणि ऋतुपर्ण घोष यांचे 'उनिशे एप्रिल' (१९९४), 'दहन' (१९९७), 'उत्सव' (२०००). 'उत्सव' च्या आधी तयारीच्या चौथ्या टप्प्यातला नात्यांचा कागद पुन्हा काढा. दुर्गापूजेला जमलेल्या त्या घरात तो लागणारच.

नव्यांपैकी कौशिक गांगुलींचा 'शब्द' हेडफोन लावूनच पाहा, नायक चित्रपटांसाठी पावलांचे, भांड्यांचे आवाज तयार करणारा माणूस आहे. आदित्य विक्रम सेनगुप्तांच्या 'आशा जाओआर माझे' (२०१४) मध्ये संवाद जवळजवळ नाहीतच. म्हणून 'सबटायटलची कटकट नको' असं म्हणून तो पहिला निवडला जातो, आणि कंटाळा येतो. एवढे चित्रपट पाहून झाल्यावर मात्र त्या ८४ मिनिटांत ट्राम, रेडिओ आणि सायकलची घंटा सगळं बोलू लागतं.

जुन्यांना उद्देशून केलेले चित्रपट मूळ पाहिल्यावरच पाहा: 'नायक' नंतर 'ऑटोग्राफ' (२०१०), 'पथेर पांचाली' नंतर 'अपूर पांचाली' (२०१३) आणि २०२२ चा 'अपराजितो'. आता 'भूतेर भविष्यत' लावायला हरकत नाही.

बांगलादेशचे चित्रपट वेगळी रांग धरून पाहा. तारेक मसूद यांचा 'माटिर मोयना' (२००२) आणि अब्दुल्ला मोहम्मद साद यांचा 'रेहाना मरियम नूर' (२०२१) या दोहोंपासून सुरुवात होऊ शकते. कोलकात्याच्या बोलीवर तयार झालेला कान तिथे पहिली वीस मिनिटं चाचपडतो, कारण उच्चार आणि पाण्यापासून आंघोळीपर्यंतचे रोजचे शब्दही बदलतात. तेवढा वेळ सबटायटलचा आकार एक घर मोठा ठेवा.